संयुक्त सराव: कमांडो सज्ज आहेत, पण त्यांच्या आधी पोचणाऱ्यांचं काय?

बिनतारी

पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालोय. मध्यंतरी आमच्या शहरातल्या एका मोठ्या मॉलमध्ये मॉक ड्रिल झालं. ओळखीपाळखीमुळे आत उभं राहून बघायला मिळालं. क्यूआरटीची, म्हणजे पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकाची गाडी आली, जवान जिन्याने वर गेले, दोन 'अतिरेकी' टिपले, ओलीस सोडवले. पाऊण तासात सगळं आटोपलं, फोटो निघाले. जवानांची चपळाई खरोखर बघण्यासारखी होती. दोन्ही जिन्यांवरून एकाच क्षणी शिरायचं आणि एकमेकांच्या नेमात यायचं नाही, हे वर्षानुवर्षांच्या कष्टाशिवाय जमत नाही.

नंतर मी तिथल्या एका अधिकाऱ्यांना विचारलं, पहिला कॉल कंट्रोलला किती वाजता आला? गस्तीवरचे बीट मार्शल किती वाजता पोचले आणि त्यांनी काय केलं? अग्निशमनची गाडी कुठल्या गेटला थांबवली? 108 ची रुग्णवाहिका? ते म्हणाले, "तो भाग आजच्या सरावात नव्हता."

हा धागा त्या एका वाक्यामुळे काढतोय. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पहिल्या गोळ्या सुटल्या साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास. एनएसजीचे जवान मानेसरहून मुंबईत येऊन कामाला लागले तोवर दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती. मधल्या रात्री लढलं कोण? सीएसटीवर रेल्वे पोलीस. कामा हॉस्पिटलच्या जिन्यात सदानंद दाते आणि त्यांच्यासोबतचे मोजके पोलीस; ग्रेनेडने जखमी झाल्यावरही दाते जागेवरून हलले नाहीत आणि वायरलेसवरून कळवत राहिले. गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे लोक, त्यांत हातात फक्त लाठी असलेले तुकाराम ओंबळे.

चौपाटीच्या नाकाबंदीचा विचार मी नेहमी करतो. करकरे, कामटे, साळसकर ज्या गाडीत पडले त्याच गाडीत मागे जखमी अवस्थेत अरुण जाधव होते. अतिरेक्यांनी ती गाडी टाकून स्कोडा पळवली, तेव्हा जाधवांनी वायरलेसवरून खबर दिली. स्कोडाचं वर्णन सगळीकडे गेलं आणि चौपाटीवर ती अडली. ओंबळेंच्या शौर्याला तोड नाहीच. पण त्यांच्यापर्यंत ती खबर वेळेत पोचली म्हणून ती गाडी ओळखता आली, कसाब जिवंत हाती लागला आणि कट कुठे शिजला हे जगाला दाखवता आलं.

तेव्हा माझं म्हणणं असं: संयुक्त सरावातला 'संयुक्त' हा शब्द खरा करायचा असेल, तर सराव पहिल्या फोनपासून सुरू व्हायला हवा. क्यूआरटीची गाडी येते तिथून नव्हे. इथे पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय क्षेत्रातले बरेच जण आहेत. आपापला अनुभव लिहा.

---

सह्यकडा

काका, तळमळ पोचली. पण दुसरी बाजू मांडतो. 2008 साली आपल्याकडे खास पथकांचीच बोंब होती. 26/11 ची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने लिहिलंय की दारूगोळा नाही म्हणून क्यूआरटीच्या जवानांना कितीतरी महिने गोळीबाराचा सरावच मिळाला नव्हता. ज्यांनी शेवटचा वार करायचा त्यांचीच ही अवस्था! म्हणून 2009 मध्ये फोर्स वन हे राज्याचं कमांडो पथक उभं राहिलं आणि त्याच वर्षी एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं. पैसा आणि वेळ मोजका आहे. तो आधी या मुलांच्या हाताला लागला पाहिजे. बीट मार्शलला सगळं शिकवत बसलो तर कुणालाच धड काही येणार नाही.

---

शिडीवाला

अग्निशमन दलात आहे, शहर सांगत नाही.

सह्यकडा, बीट मार्शलला कमांडो करा असं काका म्हणत नाहीयेत. कमांडोंना आणि आम्हाला एकमेकांची माहिती असू दे, एवढंच मागणं आहे. एक प्रसंग सांगतो, म्हणजे लक्षात येईल.

एकदाच आमचा आणि पोलिसांच्या पथकाचा धुरात एकत्र सराव झाला. सराव-इमारतीत कृत्रिम धूर सोडलेला, लाइट बंद. पुढे त्यांचे चार जण, मागे आम्ही दोघं, पाठीवर बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं सिलिंडर. सिलिंडरमधली हवा कमी झाली की या सेटची शिटी वाजते. बारीक, कर्कश, आणि आपल्याला थांबवता येत नाही. जीव वाचवण्यासाठीच ठेवलेली असते ती. माझ्या जोडीदाराची शिटी वाजली आणि पुढचे चारही जवान एका झटक्यात आमच्याकडे वळले, हत्यारं रोखून. हत्यारं रिकामी होती म्हणून हे लिहू शकतोय. त्यांची काहीच चूक नव्हती. हा आवाज कसला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ही शिटी म्हणजे समोर लपलेल्या माणसाला आपला पत्ता देणं आहे, हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या दिवशी ठरलं: गेजवर अमुक आकडा आला की शिटीची वाट न बघता मागे फिरायचं, आणि आत जाण्याआधी पथकाला एकदा शिटी ऐकवायची. दोन मिनिटांचं काम. पण एकत्र धुरात शिरल्याशिवाय ते कुणाला सुचलं नसतं.

ताजमध्ये मुंबईच्या जवानांनी आग आणि गोळीबार दोन्ही चालू असताना शिड्या लावून खिडक्यांतून माणसं उतरवली. ते करताना कुठली खिडकी सुरक्षित आणि कुठली नाही, हे कळण्यावर सगळं अवलंबून. अशा वेळी आमचा अधिकारी आणि पोलिसांचा अधिकारी एकाच टेबलाशी उभे हवेत. दोन वेगवेगळ्या वायरलेस चॅनलवर नकोत.

---

मधुरा_मँचेस्टर

शिडीवाला, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. मी मँचेस्टरला राहते. 22 मे 2017 ला रात्री 10 वाजून 31 मिनिटांनी इथल्या अरीना या मोठ्या सभागृहात स्फोट झाला. 22 जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. नंतर न्यायमूर्ती सर जॉन सॉन्डर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. तिचा दुसरा खंड नोव्हेंबर 2022 मध्ये आला, आणि तो पूर्णपणे आपत्कालीन सेवांच्या त्या रात्रीच्या कामावर आहे. मी तो बराचसा वाचलाय. या धाग्याचा विषय अक्षरशः त्यात आहे.

पोलिसांच्या कंट्रोल रूममधल्या ड्यूटी अधिकाऱ्याने सोळा मिनिटांत 'ऑपरेशन प्लेटो' जाहीर केलं. म्हणजे बंदूकधारी हल्लेखोर फिरत असू शकतात असं धरून चालायचा सांकेतिक आदेश. पण हे त्याने अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेला कळवलंच नाही. त्याच्यावर एकाच वेळी इतक्या फोनचा मारा होत होता की बाहेरून त्याच्याशी संपर्क होणं अवघड झालं. अग्निशमनच्या गाड्या अरीनापासून तीन मैलांवरच्या एका केंद्रावर जमल्या आणि थांबून राहिल्या. अरीनाशी पोचायला मध्यरात्रीनंतरचे 12.37 वाजले. दोन तासांहून जास्त. स्फोट झाला त्या दालनात, जखमी तिथे असेपर्यंत, फक्त तीन पॅरामेडिक गेले. स्ट्रेचर आत आले नाहीत, लोकांनी आणि पोलिसांनी जखमींना कठड्यांवर, जाहिरातींच्या फलकांवर घालून खाली आणलं. नीट उपचार वेळेत मिळते तर एक जण बहुधा वाचला असता, असा निष्कर्ष चौकशीने काढला.

आता खरी गोष्ट. जेमतेम वर्षभर आधी, मे 2016 मध्ये, इथल्याच ट्रॅफर्ड सेंटर या मॉलमध्ये भव्य संयुक्त सराव झाला होता. नाव 'विंचेस्टर अकॉर्ड'. शेकडो लोकांनी भाग घेतला. त्या सरावात हाच दोष उघडा पडला होता: ड्यूटी अधिकाऱ्यावर कामाचा असह्य भार येतो आणि बाकीच्या सेवांशी बोलणं तुटतं. तो दुरुस्त झाला नाही. वर्षभरात खऱ्या रात्री तेच घडलं.

म्हणून बिनतारी काकांच्या म्हणण्यात माझी एक भर. सराव पहिल्या फोनपासून हवा हे शंभर टक्के. पण सरावात जे चुकलं ते कुणाच्या नावावर आणि कुठल्या तारखेपर्यंत दुरुस्त व्हायचं, हे ठरलं नाही तर त्या सरावाचा उपयोग शून्य.

---

बिनतारी

मधुराताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कंट्रोलच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी जाणतो. एका कानाला वायरलेस, दुसऱ्याला फोन, पाठीमागे साहेब विचारतायत "काय परिस्थिती?" आणि लॉगबुकात वेळ लिहायची असते. त्या खुर्चीशेजारी दुसरा माणूस हवा, ज्याचं काम फक्त एक: बाकीच्या सेवांना कळवणं. दुसरं काहीही त्याने करायचं नाही. पंचवीस कमांडोंच्या प्रशिक्षणापुढे याला खर्च किती येणार?

---

रोहित सॅन अँटोनिओ

टेक्सासमधून. सह्यकडांचा मुद्दा मला पटत नाही, कारण युवाल्डी माझ्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे.

1999 मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा पोलीस बाहेर वेढा घालून स्वाट या खास सशस्त्र पथकाची वाट बघत राहिले. आत एक शिक्षक कित्येक तास रक्तस्राव होऊन गेले. त्यानंतर अमेरिकेत धोरणच बदललं: गोळीबार चालू असेल तर जो पोलीस पहिला पोचेल त्याने आत जायचं, पथकासाठी थांबायचं नाही. हे शिकवण्यासाठी 2002 मध्ये टेक्सास स्टेट विद्यापीठात 'अलर्ट' हे केंद्र सुरू झालं. म्हणजे पहिल्या पोलिसाला शिकवा, हे इथे दोन दशकं चालू आहे.

आणि तरीही 24 मे 2022 ला युवाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. टेक्सास विधानसभेच्या समितीच्या अहवालाप्रमाणे 376 पोलीस जमले होते. वेगवेगळ्या खात्यांचे, स्थानिक, राज्याचे, सीमा सुरक्षेचे. 77 मिनिटं वर्गाबाहेर. शाळेच्या पोलीस प्रमुखांनी आपले रेडिओ बाहेरच टाकले होते, आणि इमारतीत रेडिओ तसेही नीट चालत नव्हते. नेतृत्व कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच गावात दोन महिने आधी अशाच हल्ल्याचं प्रशिक्षण झालं होतं!

तेव्हा प्रशिक्षण झालं की नाही एवढंच विचारून भागत नाही. 376 जण आपापल्या परीने शिकलेले असतील, पण 'आज हुकूम कुणाचा' हे वेगवेगळ्या खात्यांनी एकत्र उभं राहून घोटलेलं नसेल, तर संख्या नुसती गर्दी वाढवते.

---

सह्यकडा

रोहित, मधुराताई, हे तपशील मला माहीत नव्हते. खास पथकांचा खर्च कमी करू नये, या मतावर मी कायम आहे. पण 'आज हुकूम कुणाचा' हा मुद्दा पैशाचा नाही हे मान्य. त्याला लागते ती खात्यांनी आपला मान बाजूला ठेवायची तयारी, आणि ती गोळ्या विकत घेण्यापेक्षा अवघड आहे.

---

इंद्रावतीकाठ

गडचिरोलीकडून थोडं. आमच्याकडचं सी-60 हे नक्षलविरोधी पोलीस पथक 1990 पासूनचं. पोरं इथलीच, गोंडी-माडिया बोलणारी, जंगलाची वाट पायाला माहीत असलेली. सीआरपीएफचे जवान देशभरातून येतात. दोघांनी मिळून मोहीम करायची तर पहिली अडचण साधी असते: आमचा पोरगा नाल्याचं, टेकडीचं गावातलं नाव सांगतो, त्यांच्या नकाशावर ते नावच नसतं. रात्री अंधारात हा घोळ जिवावर बेतू शकतो. म्हणून निघायच्या आधी जमिनीवर माती-दगडांनी नकाशा मांडून सगळ्यांनी एकत्र बसायचं, नावं ठरवायची. याला कुठली यंत्रं लागत नाहीत.

1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात क्यूआरटीचे 15 जवान आणि गाडीचा चालक गेले. त्या दिवसाबद्दल जास्त लिहवत नाही. क्यूआरटी म्हटलं की लोकांना फक्त मॉलमधलं ड्रिल आठवतं, म्हणून आठवण करून दिली.

---

डॉ. संजीवनी

सरकारी रुग्णालयात अपघात विभागात काम करते. सरावांमध्ये 'जखमी' म्हणून बहुधा कॉलेजची मुलं आणतात. कपाळाला लाल रंग, हसत-खिदळत स्ट्रेचरवर. आणि सगळे एकाच रुग्णालयात, एका रांगेत. खऱ्या प्रसंगात असं होत नाही. जे चालू शकतात ते सर्वांत आधी, मिळेल त्या वाहनाने सर्वांत जवळच्या रुग्णालयात येऊन धडकतात. गंभीर जखमी मागून येतात, तोवर आमचे सगळे पलंग भरलेले असतात.

पोलीस पथकांकडून माझी मागणी एकच आहे, पण जीव तोडून आहे. हातापायातून धो-धो रक्त वाहत असेल तर माणूस काही मिनिटांत जातो. आम्ही तिथे पोचेपर्यंत तो उरत नाही. त्याच्यापर्यंत पहिला पोचतो तो पोलीस. त्याच्या पट्ट्याला टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायची पट्टी, असावं आणि ते बांधायचा सराव इतका झालेला असावा की अंधारात, एका हाताने, स्वतःच्या मांडीवरही बांधता यावं. जखमेच्या वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट. रुग्ण ओरडेल, तरी सैल करायचं नाही. आणि बांधल्याची वेळ लिहायची: पट्टीवर, कपाळावर, जिथे दिसेल तिथे, पेनाने. आमच्या टेबलावर आल्यावर पाय वाचवायचा कसा, हे त्या वेळेवर ठरतं.

एका सरावात मी 'जखमीं'च्या टूर्निकेवर वेळ शोधत होते. एकावरही नव्हती. नंतरच्या बैठकीत सांगितलं, तर तिथल्या पथकाच्या हवालदारांनी लगेच खिशातून वही काढून लिहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, पेन रक्तात चालत नाही, काय वापरायचं?" मार्कर, जाड टोकाचा. किटमध्येच बांधून ठेवायचा. इतका नेमका प्रश्न विचारणारी माणसं आपल्या दलात आहेत. त्यांना आमच्यासोबत वर्षातून दोन दिवस द्या.

कामा हॉस्पिटलमध्ये त्या रात्री अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गर्भवती स्त्रियांना एका आतल्या छोट्या खोलीत नेलं, दारं लावली, दिवे मालवले. त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. रुग्णालयांतल्या परिचारिकांना हे शिकवायला पोलीस पथकं कधी येणार?

---

शिडीवाला

डॉक्टर, मार्करचं उद्याच आमच्या केंद्रावर सांगतो. आमच्या किटमध्येही नाही.

---

दर्यावर्दी

कोकण किनाऱ्यावरून. आमच्याकडे 'सागर कवच' हा किनारा सुरक्षेचा सराव होतो. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, कस्टम्स, सगळे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. एक तुकडी 'लाल' होते आणि बोटीतून खरोखर चोरून किनाऱ्यावर शिरायचा प्रयत्न करते. बाकीच्यांनी तिला पकडायचं. आणि लाल तुकडीला जिंकायची मुभा असते! कधी ते सापडतात, कधी हातोहात आत येतात. आत आले म्हणजे कुठे भोक आहे ते कळलं.

मॉलमधल्या सरावात 'अतिरेकी' ठरल्या जागी, ठरल्या वेळी शरण येतो. त्यातून कुणी काय शिकायचं? एकदा तरी त्याला सांगा, बाबा रे, तुला हवं तिथे जा.

आणि मच्छीमारांना विसरू नका. 2008 ला ते दहा जण कफ परेडच्या मच्छीमार वस्तीशी उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच कोळी लोकांनी. संशय आला होता. पण त्या शंकेवर वेळेत काही झालं नाही. आता 1093 आहे, 112 आहे, बैठका होतात. पण फोन केल्यावर समोरच्याने "कुठला समुद्र?" असं विचारू नये, म्हणून कंट्रोलच्या मुलांना एकदा तरी बोटीत बसवून बाहेर न्या.

---

मधुरा_मँचेस्टर

दर्यावर्दी, लाल तुकडीचा मुद्दा फार मोलाचा. इथे 2012 पासून 'जेसिप' नावाची पद्धत आहे. पहिला पोचलेला, मग तो कुठल्याही खात्याचा असो, ठरलेल्या क्रमाने माहिती देतो: मोठी घटना आहे का, नेमकी जागा, प्रकार, धोके, आत यायची वाट, जखमी किती, आणखी कुणाची गरज. तिन्ही सेवांना एकच साचा. कागदावर उत्तम. 2017 ला ती पद्धत होती, छापील कार्डं होती, तरी त्या रात्री तिन्ही सेवांचे प्रमुख वेळेत एका जागी आले नाहीत. कारण पाठांतर झालं होतं, एकमेकांसोबत घोटलेलं नव्हतं. आपल्याकडे हे मराठीत करता येईल. 112 च्या गाडीवरच्या अंमलदाराला सात ओळींचं मराठी कार्ड द्यायला काय हरकत आहे?

---

निशिगंधा

सगळे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं. मी पोलीस वा डॉक्टर नाही. बावीस मजली सोसायटीची सचिव आहे. आमच्यासारख्यांनी करण्याजोगं काही आहे का? पोलीस ठाण्यात गेलं तर वेड्यात काढतील अशी भीती वाटते.

---

बिनतारी

निशिगंधाताई, अजिबात वेड्यात काढणार नाहीत. नकाशापासून सुरुवात करा. ताजमध्ये आतल्या वाटा, नोकरांचे जिने, स्वयंपाकघरातून निघणारे बोळ हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना पाठ होते, म्हणून त्यांनी कित्येक पाहुण्यांना बाहेर काढलं. बाहेरून आलेल्याला ती इमारत म्हणजे भूलभुलैया. तुमच्या इमारतीचंही तेच.

प्रत्येक मजल्याचा साधा नकाशा काढा. जिने, लिफ्ट, इलेक्ट्रिक मीटरची खोली, गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह, गच्चीची चावी कुणाकडे, कुठला दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो. लॅमिनेट करून एक प्रत गेटवरच्या केबिनमध्ये, एक पोलीस ठाण्यात, एक अग्निशमन केंद्रात. आणि मोबाइल कुठे लागत नाही तेही त्यावर लिहा, तळघरात बहुधा लागत नाहीच. तिथे वायरलेसही दगा देतो, पथकाला आधी माहीत असलेलं बरं.

---

शिडीवाला

नकाशावर आमच्या गाडीची वाट पण दाखवा, ताई. शिडीची गाडी वळायला जागा लागते. बऱ्याच सोसायट्यांत गेट रुंद असतं, पण आत वळणावर पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या. आणि पाण्याच्या भूमिगत टाकीवरून आमची गाडी न्यायची नाही, स्लॅब खचतो. टाकी कुठे आहे ते लाल रंगात दाखवा.

---

निशिगंधा

टाकी नेमकी मुख्य गेटच्या आत, वळणावरच आहे! येत्या सर्वसाधारण सभेत विषय ठेवते. गेटवरचे दोन्ही सुरक्षारक्षक नवीन आहेत, नकाशा त्यांना सोबत घेऊनच काढते.